फवारणीचा शर्ट

2021 च्या एप्रिलमध्ये मला कोरोना झाला. ताप आठवडाभरात उतरला, पण वास गेला तो गेलाच. जीव वाचला न, मग वासाचं काय एवढं, असं सगळेच म्हणाले. बरेच दिवस मीही तेच म्हणत राहिले.

मागच्या महिन्यात दवाखान्यात एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं माझ्यासमोर कागद ठेवला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनला फ्रासनेली आणि हुमेल या संशोधकांनी बनवलेली, 2005 मध्ये छापून आलेली, वास गेलेल्यांसाठीची प्रश्नावली. त्रासाची 17 विधानं, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 51. वासाच्या कांड्या हुंगवल्या की नाक किती चालतं ते कळतं, पण माणसाचं जगणं कुठं अडलं ते त्यातून कळत नाही, म्हणून हे वेगळं, असं तिनं समजावलं. जेवण कमी झालं का, एकटं पडल्यासारखं वाटतं का, शेजारीपाजारी जाणं कमी झालं का. इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलंच नव्हतं. लिहिता लिहिता डोळे भरून आले.

मग एक ओळ आली, हॉटेलात जाणं पूर्वीपेक्षा कमी झालं आहे. आम्ही कळंब तालुक्यातल्या खेड्यातले, हॉटेलात जेवायला जातो कधी? जे नव्हतंच ते कमी कसं होणार? मी असहमतवर खूण केली. त्या ओळीपुरता माझा त्रास शून्य धरला गेला.

आणि माझा खरा त्रास तर त्या कागदावर कुठंच नव्हता. आमचे हे कपाशीवर फवारणी करून आले की मी शर्ट नाकाशी धरायची. औषधाचा उग्र दर्प आला की तो वेगळ्या बादलीत. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हापासून हा नेमच होता. वास गेल्यावर एकदा तो शर्ट इतर कपड्यांच्या ढिगात गेला आणि लेकीच्या गणवेशासोबत धुतला गेला. सकाळी शाळेत जाताना ती म्हणाली, "आई, माह्या कपड्याले फवारणीचा वास येते." मी तो गणवेश तसाच तिच्या अंगावरून काढला. त्या दिवशी ती शाळेत गेली नाही, आणि मी दिवसभर कोणाशी बोलले नाही.

वरण करपतं तेव्हा सासूबाई ओसरीतून ओरडतात, "काहून वं, वरण लागलं न बुडाशी!" त्याचं मला काही वाटत नाही. सिलिंडरची धास्ती मात्र आहे. त्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती समजावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात, आणि मला नेमका त्याचाच वास येत नाही. रात्री दोनदा उठून रेग्युलेटर पाहते.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. तिनं कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला माझे शब्द जसेच्या तसे उतरवले: फवारणीचे कपडे ओळखू येतात का, दूध नासलेलं कळतं का, रात्री गॅसची भीती वाटते का. याला गुण नाहीत, पण मी सरांना दाखवते, म्हणाली.

घरी यायला निघाले तेव्हा तिनं वासाचा सराव लिहून दिला. गुलाब, लिंबू, निलगिरी, लवंग, सकाळ-संध्याकाळ, निदान 12 आठवडे. डब्या चुलीजवळच्या फळीवर मांडल्या आहेत. परवा लवंगेच्या डबीतून काहीतरी आल्यासारखं वाटलं. लेकीला हाक मारली, तिच्याकडून डब्यांची अदलाबदल करून घेतली, आणि डोळे मिटून पुन्हा हुंगलं.