तुम्ही विचारलंत म्हणून: ख्रिस्ती देशात मिशनरी कशाला?

सुट्टीत नगरला आलो की प्रश्न ठरलेला असतो. "रशिया तर हजार वर्षांचा ख्रिस्ती देश. तिथे तुम्ही दोघं नवराबायको मिशनरी म्हणून करता तरी काय?"

प्रश्न रास्त आहे. कीवच्या राजा व्लादिमीरने ९८८ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासूनची ऑर्थोडॉक्स परंपरा आहे. तिच्या माणसांना आपल्याकडे ओढायला आम्ही गेलेलो नाही. आम्ही त्वेर शहरात बाप्तिस्त या प्रोटेस्टंट पंथाच्या एका लहानशा मंडळीत सेवा करतो, तीही स्थानिक पाळकांच्या हाताखाली.

पण "ख्रिस्ती देश" म्हणताना मधली सत्तर वर्षं विसरू नका. १९२९ साली सोव्हिएत सरकारने धार्मिक संस्थांसाठी कायदा केला. मंडळीने गरिबाला मदत करायची नाही, मुलांसाठी किंवा बायकांसाठी वेगळी सभा भरवायची नाही, पवित्र शास्त्राचा अभ्यासवर्ग घ्यायचा नाही. चार भिंतींत उपासना करा, तीही नोंदणी असेल तरच. मी आज आठवडाभर जे जे करते, ते जवळजवळ सगळं त्या यादीत मना केलेलं होतं. अशा दोन-तीन पिढ्या गेल्यावर, गळ्यात क्रूस आहे आणि ईस्टरला गोड पाव आशीर्वादासाठी देवळात नेतात, पण शुभवर्तमान कधी उघडलेलं नाही, अशी माणसं घरोघरी भेटतात. त्यांना दोष द्यायचा अधिकार मला नाही. त्यांच्या हातात ते कोणी ठेवूच दिलं नव्हतं.

माझा बराचसा दिवस म्हाताऱ्या माणसांत जातो. त्वेरमध्ये पाच मजली जुन्या इमारती पुष्कळ आहेत, आणि त्यांना लिफ्ट नसते. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फाचा काचेसारखा थर बसला की पाचव्या मजल्यावरची आजी मार्चपर्यंत खाली उतरत नाही. मी औषधं, ब्रेड, ग्रेच्का (कुट्टूचे दाणे) घेऊन जाते. दारात "या घराला शांती असो" म्हणायचं, बूट काढून घरातल्या सपाता घालायच्या. उंबरठ्यावरून हातात काही द्यायचं नाही, ते अशुभ मानतात. आधी आत यायचं. मग चहा, सोबत बेरीचा मुरंबा. खाल्ल्याशिवाय उठू देत नाहीत, त्यात त्या आणि आपल्या मावश्या एकाच जातकुळीच्या.

एका आजींनी मला त्यांची वही दाखवली. शाळेची चौकटींची वही, जांभळ्या शाईत सगळं योहानाचं शुभवर्तमान हाताने उतरवलेलं. छापील प्रत त्यांच्या घरी दोन-तीन रात्रीच राहायची, मग पुढच्या घरी जायची. म्हणून दोघी बहिणी आळीपाळीने लिहीत बसायच्या. पान चालू असतानाच मध्येच अक्षर बदलतं, तिथे एकीला झोप अनावर झालेली असते. चौदाव्या अध्यायाचं पान इतकं झिजलंय की शाई नुसती सावलीसारखी उरली आहे. माझ्या फोनमध्ये तीन भाषांतलं पवित्र शास्त्र आहे. त्यांच्यापुढे ते उघडायला मला जड जातं. त्या पाठ म्हणतात आणि मी ऐकते.

रविवारची उपासना दोन तासांची असते. दोन-तीन उपदेश, मध्ये गायनं, कोणी उठून कविता म्हणतं, मग एकामागून एक मोठ्याने प्रार्थना. विवाहित बायकांच्या डोक्यावर रुमाल असतो, मीही बांधते. सप्टेंबरात कापणीचा सण असतो तेव्हा व्यासपीठापुढे भोपळे, बटाटे, कोबी यांची रास लागते आणि मला नगरकडची खेडी आठवतात.

कायद्याचंही विचारता, तर सांगते. २०१६ च्या जुलैपासून मिशनरी कामावर कडक नियम आहेत. बाहेरच्या माणसाशी विश्वासाबद्दल बोलून त्याला मंडळीत बोलवायचं, तर नोंदणीकृत संस्थेचं अधिकारपत्र जवळ लागतं. राहत्या घरांत असा प्रचार करता येत नाही. परदेशी माणसाने नियम मोडला तर ३० ते ५० हजार रूबल दंड, शिवाय देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. आम्ही हे काटेकोर पाळतो. नियम मला जाचक वाटतात आणि तसं मी उघड म्हणते. पण माझ्या निष्काळजीपणाची किंमत मंडळीने भरावी, हे मला चालणार नाही. त्यामुळे मी जाते ती आधीच विश्वासात असलेल्या आजींकडे, भगिनी म्हणून, आणि शेजारीण आली तर चहा ओतते. तिने काही विचारलंच तर मंडळीच्या प्रार्थनाघराचा पत्ता देते.

२०२२ ला युक्रेनशी युद्ध पेटलं तेव्हापासून काम जड झालंय. आपली कार्डं तिथे चालत नाहीत, भारतातून पैसे येणं अवघड झालं, पण ते निभतं. निभत नाही ते दुसरंच. सोव्हिएत काळात रशिया आणि युक्रेनमधल्या बाप्तिस्त मंडळ्या एकाच संघात होत्या, आणि आजही कित्येकांच्या बहिणी, मावश्या सीमेपलीकडे आहेत. प्रार्थनेत आया मुलांची नावं घेतात. पलीकडच्या भाच्यांचीही घेतात, त्याच श्वासात. त्यांच्या शेजारी गुडघे टेकणं, एवढंच मला करता येतं, आणि आज त्याहून मोठी सेवा मला ठाऊक नाही.

त्वेरमध्ये व्होल्गा नदीच्या काठी अफनासी निकितिनचा पुतळा आहे. हा त्वेरचा व्यापारी पंधराव्या शतकात आपल्या चौलला उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला राहिला. वाटेत लुटारूंनी त्याची धर्मपुस्तकं नेली होती, त्यामुळे ईस्टर कधी आला नि कधी गेला हेही त्याला कळेना. ते दुःख त्याने आपल्या प्रवासाच्या नोंदींत लिहून ठेवलंय. आता उलट, त्वेरच्या वैद्यकीय विद्यापीठात आपली पुष्कळ भारतीय मुलं शिकतात, त्यांत मराठीही आहेत. कोणत्याही धर्माचं पोर असो, शनिवारी आमच्याकडे वरणभात असतो. दिवाळीला मी चकल्या करते. ख्रिस्ती मुलं मराठी गायनं म्हणायला थांबतात, बाकीची जेवून अभ्यासाला जातात, आणि दोन्ही मला सारखीच प्रिय आहेत.

आता तरुण मंडळी विचारतात, आम्हीही येऊ का? जरूर या. पण आधी भाषा शिका, नुसती उपदेशापुरती नाही, औषधाच्या दुकानात आणि दवाखान्याच्या रांगेत चालेल अशी. कागदपत्रं चोख ठेवा. आणि स्वतःचं वेगळं काम उभारायचा विचार पहिली काही वर्षं तरी बाजूला ठेवून एखाद्या जुन्या मंडळीच्या पाळकांना विचारा, कुठल्या मजल्यावर कोण एकटं आहे.