सुंदर ते ध्यान आणि रासीनची बारा अक्षरं

वीसपैकी सात.

गेल्या महिन्यात, इथे फ्रान्समधल्या माझ्या कॉलेजात, माझं पहिलं 'कॉमांतेर', म्हणजे साहित्यावरचं लेखी विवेचन, तपासून हातात आलं. वरच्या कोपऱ्यात हिरव्या शाईत लिहिलं होतं, ७/२०. बारावीला फ्रेंचमध्ये ९६ मिळवलेली मुलगी मी. त्या रात्री घरी फोन केला नाही. आईला 'जेवले, झोपते' एवढाच मेसेज टाकला आणि तो पेपर घेऊन बसले.

इथे दहाला पास. बाराला 'आसे बियँ' (बऱ्यापैकी), चौदाला 'बियँ' (चांगलं), सोळाला 'त्रे बियँ' (फार चांगलं), आणि साहित्याच्या पेपरात सोळाच्या वर गेलेलं मी तरी अजून कुणाला पाहिलेलं नाही. सातचे शेकडा पस्तीस होतात असा हिशोब करू नकोस, असं वरच्या वर्गातल्या मुलींनी समजावलं. मी तो आधीच करून बसले होते.

पण खरं लागलं ते मार्जिनमधलं. कॉमांतेर म्हणजे एक उतारा किंवा कविता घेऊन तिच्या शब्दाशब्दाला भिडायचं. मला बोदलेर या फ्रेंच कवीचं एक सॉनेट, म्हणजे चौदा ओळींची कविता, आलं होतं. मी मन लावून लिहिलं. इथे उपमा आहे, इथे अनुप्रास, इथे वाक्य ओळीच्या शेवटाला न थांबता पुढच्या ओळीत उतरतं. प्रत्येक ठिकाणी बाजूला दोनच शब्द: 'ए आलोर?' म्हणजे 'बरं, मग?' मी मोजले, सहा वेळा. दुसऱ्या पानावर 'पाराफ्राझ', म्हणजे कवितेत आहे तेच तू स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगितलंस. आणि प्रस्तावनेत मी १८५७ चा त्याच्यावरचा खटला, सहा कवितांवरची बंदी, ती थेट १९४९ मध्ये उठली, हे सगळं दिलं होतं, त्यावर एक आडवी रेघ. 'ओर स्युझे.' विषयाबाहेर.

मला राग आला, आणि तो बरेच दिवस टिकला. कारण हे सगळं मी शाळेत शिकले तसंच केलं होतं. दहावीच्या मराठीच्या पेपरात रसग्रहण लिहिताना आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशी तीन बोटं धरून चालायचो, आणि त्याचे पूर्ण मार्क मिळायचे. अलंकार ओळखला, नाव दिलं, उदाहरण दिलं की झालं. तो अलंकार तिथे काय करतोय, हे मला कधी कुणी विचारलं नाही. तरीही दोष आमच्या बाईंना द्यायला मी तयार नाही. सत्तर मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वहीत 'बरं, मग?' लिहायला कुठून वेळ आणायचा त्यांनी? इथे आमच्या 'तेदे'च्या तासाला, म्हणजे छोट्या गटाच्या तासाला, फार तर तीस जण असतात. शिवाय माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलांनी हे सगळं कॉलेजच्या आधीच घोटलेलं आहे. बाकालोरियाची (इथली शाळा संपतानाची परीक्षा) फ्रेंचची परीक्षा ती शेवटच्या वर्षाच्या आधीच देतात, चार तासांचा लेखी पेपर आणि वर तोंडी. पंधरा-सोळाव्या वर्षी ती 'प्रोब्लेमातीक' मांडायला शिकतात, म्हणजे उताऱ्याला एक प्रश्न विचारायचा आणि सगळं लिखाण त्या एका प्रश्नामागे न्यायचं. त्या वयात मी पत्रलेखन आणि भाषांतर करत होते. तेव्हा तुलना करायची तर निदान सुरुवातीची रेघ कुठे होती तेही बघावं.

आणि हेही सांगते. पहिल्याच आठवड्यात आम्हाला शिकवणाऱ्या मादामनी जेव्हा सांगितलं की शब्दाशब्दावर थांबून अर्थ उलगडण्याची ही रीत म्हणजे फ्रेंच शिक्षणाचा कणा आहे, तेव्हा मनात आलं, गीतेच्या सातशे श्लोकांवर नऊ हजारांच्या वर ओव्या आमच्याकडे १२९० साली लिहून झाल्या होत्या. एका शब्दावर थांबून दहा दृष्टांत देणं आम्हाला नवीन नाही. हे मी वर्गात बोलले नाही. सातचा पेपर आल्यावर तर बोलायची सोयच राहिली नाही.

पण आज लिहायला बसले ते मार्कांसाठी नाही, त्यानंतरच्या एका तासासाठी.

सतराव्या शतकातला फ्रेंच नाटककार रासीन, त्याचं 'फेद्र' हे नाटक चालू होतं, पहिल्या अंकातला तिसरा प्रवेश. फेद्र आपल्या सावत्र मुलाच्या प्रेमात पडली आहे, ते तिला ओठांवर आणवत नाही, आणि दाईने खोदून विचारल्यावर ती आधी स्वतःच्या बहिणीची आठवण काढते. 'आरियान, मा सर, द केल आमूर ब्लेसे...' आरियान, माझ्या बहिणी, कुठल्या प्रेमाने घायाळ होऊन तू त्या किनाऱ्यावर मेलीस, जिथे तुला सोडून दिलं होतं. मादामनी एका मुलाला ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. त्याने वाचली, छान, बोलण्यातल्या फ्रेंचसारखी. मादाम म्हणाल्या, आता मोजा.

या नाटकातल्या प्रत्येक ओळीत बारा अक्षरं, सहावर थांबा, पुन्हा सहा. 'आलेक्सांद्रँ' म्हणतात त्याला. मुलाने बोटांवर मोजलं आणि दहाच भरली. आर्यान्, मा, सर. पहिल्या अर्ध्यात चारच. वर्ग गोंधळला. तुलूजजवळची एक मुलगी आहे वर्गात, तिच्या बोलण्यात शब्दाच्या शेवटचा 'ए' ऐकू येतो, दक्षिणेकडे तसंच बोलतात. तिने ओळ वाचली तेव्हा मागे दोघं हसले. हे हसणं मला ओळखीचं आहे. 'आनि' म्हणणाऱ्यांना आपल्याकडे असंच हसतात आणि मला तेव्हाही ते आवडायचं नाही. पण इथे वृत्त तिच्याच तोंडी बरोबर बसत होतं. आर्यानऽ, मा, सर. पाच. अजून एक कमी.

आणि मला आजी ऐकू आली.

खरंच सांगते, शेजारी बसल्यासारखी. एकादशीला आमच्या ओटीवर तिचं भजनी मंडळ बसायचं. सुंदर ते ध्यान. आपण बोलताना 'सुन्दर्' म्हणतो, 'ध्यान्' म्हणतो. सुन्, दर्, ते, ध्यान्. चार. पण आजी कधीच तसं म्हणायची नाही. ती म्हणायची सुं-द-र-ते-ध्या-न, शेवटचा 'अ' पुरता लावून, त्यावर टाळ पडायचा. सहा. मग उ-भे-वि-टे-व-री, पुन्हा सहा. बोलण्यात जो 'अ' आपण गिळून टाकतो तो अभंगात उठून बसतो आणि आपली जागा मागतो. फ्रेंचचा 'ए म्यूए', मुका ए, तो हाच. बोलताना मुका, कवितेत पुढे व्यंजन आलं की त्याला धरून मोजायचं. आरियान लिहिताना मी देवनागरीत 'न' लिहिते, पाय न मोडता. आपल्या लिपीला ते आधीपासून माहीत आहे.

मी हात वर केला. इथे आल्यापासून पहिल्यांदा, कुणी न विचारता. म्हटलं, आ-रि-आ-न, चार अक्षरं त्या नावातच आहेत, शेवटचा मुका ए धरायचा आणि 'र्या' फोडून 'रि-आ' म्हणायचं. मा, सर. झाली सहा. मादामनी विचारलं, कसं कळलं? मी म्हटलं, माझ्या भाषेत असंच मोजतात. मग त्यांनी खडू माझ्या हातात दिला.

फळ्यावर मी देवनागरीत तुकोबांची ओळ लिहिली. प्रत्येक अक्षराखाली रेघ, सहावर उभा दंड. वर बोलतानाची अक्षरं, खाली गातानाची. वर चार आणि सहा, खाली सहा आणि सहा. त्याच्या बाजूला रासीनची ओळ: वर चार आणि सहा, खाली सहा आणि सहा. दोन्ही तंतोतंत एकाच कारणाने वाढत नाहीत, रासीनकडे एक अक्षर मुक्या एमुळे येतं आणि दुसरं स्वर फोडल्यामुळे, तुकोबांकडे दोन्ही 'अ'मुळे, हेही मी सांगितलं. मादामनी ते सांगायला लावलं, कारण 'ए आलोर?' तिथेही होतंच. आणि आपली ओळ बारावर संपत नाही, पुढे कर कटावरी सहा आणि ठेवोनिया चार, मग ती टेकते. मादाम म्हणाल्या, म्हणून दाखव. मी चालीत म्हटलं. आवाज कापत होता. तुलूजची मुलगी बोटांवर मोजत होती.

तुकोबा गेले तेव्हा रासीन नऊ-दहा वर्षांचा होता. एकाने राजाच्या राजधानीत रंगभूमीसाठी लिहिलं, दुसऱ्याने इंद्रायणीकाठी. दोघांपैकी आजही रस्त्यावरून लाखो माणसं पायी चालताना कुणाच्या ओळी म्हणतात, हे मी वर्गात विचारलं नाही, पण इथे लिहिते.

आता जे सांगायला जड जातं ते. अकरावीत मी मराठी सोडलं. फ्रेंच 'स्कोरिंग' होतं, सगळे घेत होते, मीही घेतलं. आजी तेव्हा काही बोलली नाही, फक्त 'मग कविता कोण म्हणून दाखवणार मला' एवढं विचारलं. नातेवाईक अजून म्हणतात, मराठी माध्यमातली पोर आणि मराठीच टाकलं. मी मार्कांसाठी घेतलं हे खरं आहे. पण पुढे ती भाषा मला खरंच आवडली, तिच्यासाठी मी कर्ज काढून इथवर आले, हेही खरं आहे, आणि एका खऱ्यामुळे दुसरं खोटं होत नाही. मराठी सोडलं तो विषय होता. आजीच्या तोंडून जे कानात गेलं ते कुठल्या फॉर्मवर टिक करून सुटणारं नव्हतं.

त्याच दुपारी ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये तुकाराम शोधले. सापडेनात. मग फ्रेंच धाटणीने, 'तू'साठी दोन स्वर घालून टाइप केलं आणि निघाले. अभंगांचं फ्रेंच भाषांतर, गी देलरींनी केलेलं, गालिमारने १९५६ साली छापलेलं. हेच देलरी पुढे विठोबाच्या उपासनेवर इंग्रजीत लिहितात आणि ते पुस्तक १९६० मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज काढतं. पुण्यात वाढले मी, कितीदा त्या कॉलेजवरून गेले, देलरींचं नाव मला इथे येऊन कळलं. भाषांतराच्या नावात अभंगांना 'प्सोम' म्हटलंय, बायबलमधल्या स्तोत्रांचा शब्द, आणि वारकऱ्याला 'पेलरँ', यात्रेकरू. 'पेलरँ' मला पटलेला नाही. यात्रेकरू एकदा जाऊन येतो. वारकऱ्याची वारी चुकत नाही. पण दुसरा शब्द सुचव म्हटलं तर माझ्याकडेही नाही, तीन दिवस शोधतेय.

दुसरं कॉमांतेर परवा मिळालं. 'फेद्र'मधलाच उतारा होता. यावेळी मी अलंकार कमी मोजले आणि एकाच गोष्टीच्या मागे लागले: ही बाई बोलायला घाबरते तेव्हा तिच्या ओळी कुठे तुटतात, सहावर की आधीच. ११.५. 'आसे बियँ'ला अर्धा कमी. आईला फोन केला, तिने आजीला दिला. आजीला म्हटलं, अकरा मिळाले. तिने विचारलं, कशात? म्हटलं, अक्षरं मोजण्यात.

मार्जिनमध्ये 'ए आलोर?' यावेळी दोनदाच आहे. त्यातलं एक मला अजून कळलेलं नाही. सोमवारी मादामना भेटायला जाणार आहे.