मॅडम नाशिकला, आईचा गुडघा धनकवडीत

दर रविवारी सकाळी अकरा वाजता आमच्याकडे एक ठरलेला कार्यक्रम असतो. आई दिवाणावर पाय लांब करून बसते, गाऊन गुडघ्याच्या वर घेते, मी मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करते आणि नाशिकहून आईच्या ॲक्युपंक्चरच्या मॅडमचा व्हिडिओ कॉल येतो. ॲक्युपंक्चर म्हणजे अंगावरच्या ठरलेल्या जागांवर, म्हणजे बिंदूंवर, बारीक सुया लावायची चिनी पद्धत, आणि हे असं लांबून चालतं त्याला रिमोट ॲक्युपंक्चर म्हणतात. परवा मैत्रिणीनं विचारलं, अगं फोनवरून सुया टोचतात तरी कशा, तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते, कारण सुरुवातीला मलाही हेच कळत नव्हतं.

आधी मागचं सांगते. आई ७१ वर्षांची, दोन्ही गुडघ्यांची झीज, उजवा जास्त दुखतो. ऑर्थोच्या डॉक्टरांनी एक्सरे बघून सांगितलं की ऑपरेशन आत्ताच नको, मांडीचे व्यायाम करा, वजन थोडं उतरवा, गोळी लागेल तेव्हाच घ्या. ते सगळं आजही चालू आहे. त्याच्या जोडीला म्हणून इथे पुण्यातच पद्मावतीजवळ मॅडमकडे आठवड्यातून एकदा ॲक्युपंक्चरला जायला लागलो. आई सुईला घाबरायची, पण ती सुई हातात घेऊन बघितली आणि तिची भीती गेली, कारण ती पाव मिलिमीटर जाडीची, भरीव, केसासारखी लवणारी असते, इंजेक्शनसारखी पोकळ नसते. वीस-पंचवीस मिनिटं सुया लावून शांत पडायचं. त्या रात्री आईला गाढ झोप लागायची आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा जरा कमी धरायची. मग मॅडमच्या मिस्टरांची बदली झाली, त्या नाशिकला गेल्या आणि आमचं बंद पडलं.

मधल्या काळात कोणीतरी एक नंबर दिला. तिकडच्या गृहस्थांनी आईचा फोटो आणि जन्मतारीख मागितली, म्हणाले मी इथे एका बाहुलीवर तुमच्या आईंच्या नावानं सुया लावतो, परिणाम तिथे होईल, घरबसल्या. तिथपर्यंत मी ऐकून घेतलं. पुढे म्हणाले बीपीची गोळी महिनाभर थांबवा म्हणजे ऊर्जेला अडथळा येणार नाही. मी फोन ठेवला आणि नंतर कितीतरी वेळ माझे हात थरथरत होते. आईची बीपीची गोळी बंद म्हणजे काय होऊ शकतं हे मला माहीत आहे, माझे वडील लकव्यानं गेले.

म्हणून पहिलं हेच सांगते की 'रिमोट' ह्या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी घातल्या जातात. एकात कोणीतरी लांब बसून तुमच्या फोटोवर, बाहुलीवर नाहीतर स्वतःच्या अंगावर सुया लावतो. दुसऱ्यात लांबचा जाणकार माणूस तुम्हाला विचारतो, बघतो, आणि तुमच्याच बोटांकडून तुमच्याच अंगावरचे बिंदू दाबून घेतो. पहिल्यात तुमच्या अंगाला काहीच लागत नाही, तरीही कोणाला त्यातून आधार वाटत असेल तर त्या श्रद्धेचा मी अपमान करणार नाही, पण तो उपचार आहे असं मी मानत नाही. आमचं चालतं ते दुसरं.

मी मॅडमना फोन केला तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, "सुई मी लावू शकत नाही आणि तू पण लावायची नाहीस. कुरिअरनं मागवून तर मुळीच नाही. पण तुझा अंगठा आहे ना?" आणि तिथून सुरू झालं.

पहिले पाचसात रविवार माझे जागा शोधण्यातच गेले. गुडघ्याच्या वाटीच्या खाली चार बोटं, आणि नडगीच्या हाडापासून बाहेरच्या बाजूला एक बोट. चार बोटं म्हणजे आईची, माझी नाही, हे मॅडमनी तीनदा बजावलं कारण प्रत्येकाचं माप त्याच्याच बोटानं घ्यायचं असतं. मी दाबायची, आई म्हणायची काही नाही गं, अंगठा जरा वर, काही नाही, जरा बाहेर, आणि मग एकदम आईचा चेहरा बदलला, "हां हां, तिथंच, ठणकतंय बघ, खाली घोट्यापर्यंत गेलं." तिकडून मॅडम म्हणाल्या, सोडू नकोस, श्वास सोडताना दाब वाढव, घेताना सैल कर. दोन-तीन मिनिटं तसंच. माझ्याच अंगठ्याला रग लागली पण हात काढावासा वाटेना.

ह्या बिंदूचं चिनी नाव झूसानली. झू म्हणजे पाय, सान म्हणजे तीन, ली हे अंतराचं जुनं माप. चालून दमलेल्यानं इथे दाबलं की आणखी तीन ली चालवतं असं म्हणतात. मला लगेच वारी आठवली. पालख्या नाना पेठेत आणि भवानी पेठेत मुक्कामाला असतात तेव्हा लोक वारकऱ्यांचे पाय चेपायला बसतात ना, आई दरवर्षी जायची, आणि ती म्हणाली की पोटरीच्या वर ह्याच जागी दाबलं की म्हातारे वारकरी डोळे मिटून घ्यायचे. तिला नाव माहीत नव्हतं, जागा माहीत होती.

आता हे खरंच लागू पडतं का? मी बरंच वाचलं. जर्मनीतला एक मोठा अभ्यास २००७ साली आला, जुनाट कंबरदुखीचे ११६२ लोक. सहा महिन्यांनी खऱ्या सुया लावलेल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना चांगला फरक पडला, मुद्दाम भलत्या जागी वरवर सुया लावलेल्यांपैकी ४४.२ टक्के, आणि गोळ्या-व्यायाम वगैरे नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के. खऱ्या आणि खोट्या सुयांमध्ये जेमतेम फरक, पण दोन्ही नेहमीच्या उपचारांपेक्षा पुढे. मी ह्यावर खूप विचार केला. मला असं वाटतं की त्या अर्ध्या तासात माणूस निवांत पडतो, कोणीतरी त्याच्या दुखण्याकडे नीट लक्ष देतं, अंगाला स्पर्श होतो, ह्याचाही मोठा वाटा आहे. आणि तो वाटा फोनवरून बराचसा पोचतो, निदान आमच्याकडे पोचतो. पण ह्यावरून फोटोवर सुई लावली तरी चालेल असा अर्थ काढू नका, त्या अभ्यासात सगळ्या सुया माणसाच्या कातडीलाच लागल्या होत्या.

न पोचणाऱ्या गोष्टीही मॅडम लपवत नाहीत. नाडी फोनवर बघता येत नाही. जीभ बघतात, पण ट्यूबलाइटखाली रंग फसवा दिसतो म्हणून आई बाल्कनीत जाऊन जीभ दाखवते, समोरच्या काकू आधी दचकायच्या. मग झोप, पोट, पाय गार पडतात का, दुखणं सकाळी जास्त की रात्री, असे प्रश्न. गुडघ्याला कधी सूज, गरमपणा दिसला तर त्या दिवशी काहीच करत नाहीत, आधी डॉक्टरांना दाखवा म्हणतात. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं असं काही झालं तर बिंदू शोधत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा, हे त्यांनी आम्हाला फ्रिजवर लिहून लावायला लावलंय. अंगठा आणि तर्जनीच्या मधला हेगू बिंदू बरेच जण डोकेदुखीला दाबतात, तो गरोदर बाईनं दाबायचा नाही हे पण त्यांच्याकडूनच कळलं, माझी भाची दाबत होती, तिला लगेच फोन केला.

मॅडमच्या पद्मावतीच्या क्लिनिकमध्ये डॉ. कोटणीसांचा फोटो होता. सोलापूरचे कोटणीस १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी, तिकडेच १९४२ साली वारले. त्याच पथकातले डॉ. बिजय कुमार बसू पुढे परत चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात घेऊन आले. आज आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरचा वेगळा कायदा आहे, २०१५ चा, त्याखाली नोंदणी होते. ऑनलाइन कोणाकडे जाणार असाल तर नोंदणी आहे का हे बेधडक विचारा. मॅडमना मी विचारलं होतं, त्यांनी राग न मानता सर्टिफिकेट पाठवलं.

आईचा गुडघा बरा झाला का, तर झीज आहे तिथेच आहे. गोळी आधी आठवड्यात चार-पाचदा लागायची, आता एकदा-दोनदा. ह्यात व्यायामाचा वाटा किती आणि अंगठ्याचा किती हे मी वेगळं काढू शकत नाही. पण आई आता संध्याकाळी सिरीयल बघता बघता स्वतःच जागा शोधून दाबत बसते, आणि झोपेसाठी मॅडमनी दाखवलेल्या जागी हातावर मेथीचा दाणा मायक्रोपोर टेपनं चिकटवते, म्हणजे ती जागा दाबलेली राहते. ते बघून शेजारच्या काकू पण तळपायाला दाणे लावून घ्यायला आल्या. त्यांना शुगर आहे आणि तळपाय बधिर असतात, दाणा रुतून जखम झाली तरी कळणार नाही, म्हणून आईनं आधी मॅडमना फोन लावला. पायाला नको, असं उत्तर आलं. मग दोघी दिवाणावर बसून हातच दाबत बसल्या, चहा गार झाला तरी.