लाल पेन जरा बाजूला

विद्यार्थ्यांचं लेखन कसं तपासावं, याच्या प्रशिक्षणाच्या सत्रात एक टीचिंग असिस्टंट (प्राध्यापकाला शिकवण्यात, तपासण्यात मदत करणारा) म्हणाला, "माझा विषय जीवशास्त्र. लेखन शिकवणं माझं काम नाही."

समोर त्यानेच तपासलेला लॅब रिपोर्ट. स्पेलिंग, स्वल्पविराम, सगळं लाल. आलेखात धड फरक दिसत नाही, तरी निष्कर्षात 'खतामुळे वाढ होते हे सिद्ध झाले'. त्या वाक्यावर मात्र एक रेघ नाही!

अहो, ही चूक भाषेच्या प्राध्यापकाला दिसणारच नाही. म्हणून तर अमेरिकेत कॉर्नेलसारख्या विद्यापीठात वेगवेगळ्या विषयांचे पीएचडी करणारे विद्यार्थी पहिल्या वर्षाला लेखन शिकवतात, आणि त्यासाठी त्यांना तयार केलं जातं.

मग तपासायचं कसं? पहिलं वाचन हातात पेन न धरता. मग शेरे दोन-तीनच, पण नेमके. 'नीट लिहा' नको. 'आलेख २ मधले एरर बार एकमेकांवर येतात, मग सिद्ध कशाच्या जोरावर?' असं विचारा. (एरर बार म्हणजे आकडा किती इकडे-तिकडे असू शकतो ते दाखवणाऱ्या रेघा.) स्पेलिंगसाठी लेखन शिकवणारे अमेरिकी प्राध्यापक रिचर्ड हॅसवेल यांची १९८३ची युक्ती: चूक असलेल्या ओळीसमोर समासात फक्त खूण. त्यांच्या वर्गात मुलांनी साधारण ६० टक्के चुका स्वतःच दुरुस्त केल्या.

सगळ्यात वाजतं ते गुणांवरून. सत्रात तेच तीन रिपोर्ट प्रत्येकाने स्वतंत्रपणे तपासायचे आणि मग आकडे फळ्यावर लिहायचे. एकाच रिपोर्टला कुणी सहा देतं, कुणी नऊ. रुब्रिकमध्ये, म्हणजे कशाला किती गुण ते सांगणाऱ्या तक्त्यात, 'विश्लेषण: ४ गुण' एवढंच लिहिलं की दुसरं काय होणार?

आपल्याकडे प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही करण्याआधी 'निष्कर्ष' कोण वाचतं?