मासे ओळखायची वही: आधी कल्ले, मग पर, रंग सगळ्यात शेवटी

मंडळी, वहीचं काम बरंच पुढे सरकलंय. मागच्या अपडेटला गटांची नुसती यादी होती, आता ओळखायचा क्रम नीट बसलाय आणि तो मला भरवशाचा वाटतोय म्हणून सविस्तर लिहितेय. सगळ्यात मोठा बदल म्हणजे रंगाचा कॉलम उचलून एकदम शेवटी टाकला. रंग वयाप्रमाणे बदलतो, नर-मादीचा वेगळा असतो, मासा घाबरला तरी बदलतो आणि मेल्यावर तर लगेच फिका पडायला लागतो, पण कल्ल्यांची फट कुठे आहे आणि पोटाचे पर (पोहायचे पंख) कुठून निघालेत हे मोठ्या माशात असं इकडचं तिकडे होत नाही.

तर पहिली नजर कल्ल्यांवर. डोक्यामागे हाडाचं कडक झाकण आणि त्याच्या मागे एकच फट दिसली की हाडांचा मासा, जगातल्या ३०,००० हून जास्त जातींपैकी बहुतेक सगळे इथेच येतात. झाकण नाही आणि ५ ते ७ उघड्या फटी ओळीने दिसतायत म्हणजे शार्क किंवा पाकट, यांचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानासारख्या लवचिक गोष्टीचा, हाडाचा नाही. जबडाच नाही, जोडीचे पर नाहीत आणि दोन्ही बाजूंना ७-७ गोल भोकं आहेत, तर तो लॅम्प्रे. हॅगफिशलाही जबडा नाही, पण त्याच्या तोंडाभोवती आखूड मिशा असतात, त्यामुळे दोघं सहज वेगळे काढता येतात. एक अपवाद लाल पेनने लिहून ठेवलाय, कायमेरा. सांगाडा कूर्चेचा, तरी बाहेरून फट एकच दिसते, फक्त तिच्यावरचं झाकण मांसल असतं, हाडाचं नसतं.

शार्क आणि पाकट यांच्यावर मी मुद्दाम जास्त वेळ दिला कारण इथे अंगाचा आकार पार फसवतो. गिटारफिशची शेपूट जाड, पाठीवर दोन पर, वरून बघितलं तर कोणीही शार्क म्हणेल, पण उलटा करून बघा, फटी खालच्या बाजूला आहेत आणि छातीचे पर थेट डोक्याला जोडलेत, म्हणजे तो पाकटांचा. उलट एंजल शार्क अगदी चपटा, वाळूत लपून बसतो, पण त्याचे छातीचे पर डोक्यापासून सुटे असतात, तो शार्कच. आणि करवतवाल्या दोघांत तर हे सगळ्यात छान दिसतं, सॉफिशच्या फटी खाली म्हणून पाकट, सॉशार्कच्या बाजूला म्हणून शार्क, शिवाय सॉशार्कच्या करवतीला मध्यावर दोन लांब मिशा असतात. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, चपट्या माशाचा खालून एक फोटो मिळत असेल तर तो नक्की घ्या, वरून काढलेल्या दहा फोटोंपेक्षा तो एक जास्त सांगतो. नर असेल तर पोटाच्या परांपाशी दोन नळ्यांसारखे क्लॅस्पर (मीलनाचे अवयव) पण दिसतात, ते या कूर्चावाल्यांतच असतात.

स्टर्जनमुळे तर माझा कल्ल्यांवरचा विश्वास अजून पक्का झाला. सांगाडा बराचसा कूर्चेचा, शेपटीचा वरचा भाग लांब, तोंड खाली, म्हणजे सगळा थाट शार्कचा, पण कल्ल्यांवर झाकण आहे आणि अंगावर हाडांच्या चकत्यांच्या ५ रांगा आहेत, तो हाडवाल्यांकडेच जातो.

हाडवाल्यांत मांसल देठावर पर असणारे म्हणजे सीलाकँथ आणि लंगफिश, थोडेच आहेत त्यामुळे तो कप्पा पटकन भरला. सीलाकँथ पूर्वी फक्त जीवाश्मांतून माहीत होता, १९३८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ खरा मासा मिळाला. बाकी प्रचंड गर्दी काड्यांच्या परवाल्यांची, आणि तिथे माझी सगळ्यात लाडकी खूण म्हणजे पोटाच्या परांची जागा. तारली, रोहू, सामन यांचे हे पर पार मागे, पोटाच्या मध्यावर असतात आणि पाठीचा पर बहुतेक मऊ काड्यांचा असतो. पर्च, ग्रूपर वगैरे मंडळींचे पुढे सरकून छातीच्या परांखाली आलेले असतात आणि पाठीच्या पराचा पुढचा भाग टोकदार कडक काट्यांचा असतो. कॉडचे तर त्याहून पुढे, गळ्यापाशी. एवढं बघितलं तरी निम्मी वाटणी होते.

मग बारक्या खुणा. पाठीच्या परामागे, शेपटीच्या अलीकडे काड्या नसलेला चरबीचा छोटा पर दिसला तर सामन, कॅरासिन (पिरान्हाचा गट) किंवा कॅटफिशकडे वळायचं. कॅटफिशच्या बाबतीत नुसत्या मिशांवर जाऊ नका, मिशा कार्पला असतात, लोचला असतात, गोटफिशला हनुवटीखाली दोन असतात. कॅटफिशच्या अंगावर खवले नसतात, कातडी उघडी असते किंवा हाडांच्या पट्ट्या असतात, ही खूण मिशांच्या जोडीला धरायची. गोबी आणि ब्लेनी यांत गोंधळ होत असेल तर पोट बघा, बहुतेक गोब्यांचे पोटाचे पर जुळून वाटी झालेली असते, ब्लेनीचे सुटे आणि बारीक काड्यांचे. बांगडा, सुरमई, ट्यूना यांच्या पाठीवर आणि पोटाखाली शेपटीकडे सुट्या छोट्या परांची ओळ असते, ती लांबूनही दिसते.

लांबड्या माशांचं पान वेगळं केलंय कारण तिथे गटागटांतले सगळे एकत्र येतात. खरा ईल म्हणजे पाठ, शेपूट आणि खालचा पर सलग एकच, पोटाचे पर नाहीत. स्वॅम्प ईलला छातीचे पर पण नसतात आणि कल्ल्यांची फट गळ्याखाली एकच असते. स्पायनी ईलच्या पाठीवर सुटे सुटे काटे. समुद्री साप मासा नाहीच, अंगावर खवले, शेपूट वल्ह्यासारखी चपटी, कल्ल्याची फट कुठेच सापडणार नाही.

पफरला पोटाचे पर नाहीत आणि दात चार, जुळून चोच झालेली. पॉर्क्युपाइनफिशला वर एक खाली एक अशा दोनच पट्ट्या, त्यामुळे तोंड बघून दोघं सुटतात.

एक निर्णय घेतलाय तो सांगते. पूर्वी पर्चच्या गटात ढीगभर कुळं कोंबलेली होती, डीएनएच्या अभ्यासानंतर तो गट बराच फुटला आणि ट्यूना तर समुद्रघोड्यांच्या जवळचा निघाला, जे बाहेरून बघून कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. म्हणून वहीत डाव्या पानावर फक्त डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणा आणि उजव्या पानावर नातं, दोन्ही एकत्र करायचं नाही. समोर मासा असताना डावं पानच कामाला येतं.

आता लेप घेतलेत, म्हणजे दोन्ही डोळे एकाच बाजूला असणारे चपटे मासे. पिल्लू असताना एक डोळा एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे असतो, वाढताना एक डोळा डोक्यावरून पलीकडे सरकतो. हॅलिबट आणि प्लेस यांचे बहुतेक उजवीकडे, टर्बटचे डावीकडे, पण स्टारी फ्लाउंडर दोन्ही प्रकारचा सापडतो, त्यामुळे डोळ्यांची बाजू ही खूण एकटी धरणार नाही, सोबत पार्श्वरेषेचा (अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेषेचा) बाक आणि तोंडाचा आकार पण नोंदवतेय. कोणाकडे लेप माशांचे दोन्ही बाजूंचे, पर पसरलेले फोटो असतील तर दाखवा, डोळे नसलेली आंधळी बाजू सुद्धा हवीय.