थंडीतला चटका आणि अंगावरचा विद्युतभार

ऐरोलीत वर्षाचा बहुतेक काळ घामाला नावे ठेवण्यात जातो. पण डिसेंबर-जानेवारीत खाडीवरच्या दमट वाऱ्याची जागा जमिनीवरून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याने घेतली की आमच्या सोसायटीत लिफ्टच्या दरवाजाला करंट येत असल्याची तक्रार हमखास सुरू होते. इलेक्ट्रिशियन टेस्टर लावून पाहतो, त्याला काही सापडत नाही, आणि हवा पुन्हा दमट झाली की तक्रारही विरून जाते. यात दरवाजा बिचारा निर्दोष असतो, कारण विद्युतभार त्याच्यावर नसून आपल्याच अंगावर साठलेला असतो. खऱ्या गळतीची खूण वेगळी आहे. स्थिर विद्युतेचा चटका एकदाच बसतो आणि लगेच पुन्हा हात लावला तर काहीच जाणवत नाही. फ्रिज किंवा गिझर मात्र प्रत्येक स्पर्शाला झिणझिण्या देत असेल, तर विनाविलंब आर्थिंग तपासून घ्यावे.

शाळेत कंगवा आणि कागदाचे कपटे दाखवताना सगळा भर घासण्यावर दिला जातो. वास्तविक दोन भिन्न पदार्थ एकमेकांना टेकून दूर झाले, तरी एकाच्या पृष्ठभागावरचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे राहून जातात. घासल्यामुळे मुख्यतः स्पर्शाचे क्षेत्र वाढते. केस, नायलॉन आणि लोकर यांचा कल इलेक्ट्रॉन गमावण्याकडे, तर पॉलिएस्टर आणि पॉलिथिन यांचा ते ओढून घेण्याकडे असतो. म्हणूनच खुर्चीवरून उठताना कपडे आसनापासून सुटतात तेव्हा अंगावर भार येतो, आणि पायांत रबरी तळाचे बूट असल्यास त्याला जमिनीत उतरायला वाट मिळत नाही.

दमट हवेतून वीज सहज वाहून जाते, हे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. खरे काम करतो तो कापड, कातडी आणि फरशी यांवर बसणारा पाण्याचा अतिशय पातळ थर, ज्यातून भार साठण्याआधीच निसटतो. एसी हवेतले बाष्प काढून घेतो, त्यामुळे गालिचा अंथरलेल्या ऑफिसात भर मे महिन्यातही चटका बसू शकतो.

साधारण ३,००० व्होल्टच्या खालचा चटका आपल्याला सहसा जाणवतही नाही, म्हणजे जो जाणवतो तो घरातल्या २३० व्होल्टच्या कितीतरी पट असतो. तरीही आपण सुखरूप राहतो, कारण शरीराची विद्युतधारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, जेमतेम १०० पिकोफॅरड असते. १०,००० व्होल्टला तीत फक्त ५ मिलिज्यूल ऊर्जा मावते आणि ती क्षणार्धात संपते. घरातला प्रवाह मात्र वाहतच राहतो, आणि जीव जातो तो त्यामुळे.

तरीही ही ऊर्जा क्षुल्लक म्हणता येणार नाही. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे योग्य मिश्रण पेटायला सुमारे पाव मिलिज्यूल पुरते, म्हणजे जेमतेम जाणवणारी ठिणगीही धोक्याची ठरते. टँकर रिकामा करण्यापूर्वी त्याला आर्थिंगची तार जोडतात ती याचसाठी. परदेशात स्वतःच पेट्रोल भरणारे लोक मध्येच गाडीत जाऊन बसतात आणि परत येऊन नळीला हात लावतात, त्यातून आगी लागल्या आहेत. आपल्याकडे पंपावरचा कर्मचारी उभाच असतो, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

इलेक्ट्रॉनिक भागांची सहनशक्ती तर याहून कमी असते. काही चिप १०० व्होल्टच्या आतच निकामी होतात, आणि हाताळणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून जुळणी करणारे कामगार मनगटावर आर्थिंगचा पट्टा बांधतात. त्यात मुद्दाम १ मेगाओहमचा रोध असतो, जेणेकरून चुकून जिवंत तारेला हात लागलाच तर तोच पट्टा घातक ठरू नये.

हाच भार कामालाही लावता येतो. पावडर कोटिंगमध्ये, म्हणजे पत्र्यावर कोरड्या रंगाचा थर देताना, भारित पावडर आर्थिंग केलेल्या पत्र्याकडे ओढली जाते, आणि एन-९५ मास्कचे तंतू कायमचे भारित केलेले असल्याने जाळीच्या छिद्रांहून बारीक कणही त्यांना चिकटतात. हा मास्क साबणाने किंवा अल्कोहोलने धुतला की तो भार नाहीसा होतो. मास्क दिसायला पूर्वीसारखाच राहतो, पण बारीक कण अडवण्याची त्याची क्षमता बरीचशी गेलेली असते.