आकडा राहू द्या, दुसरा कोण होता ते सांगा

कुठल्याही खेळातला सर्वांत भारी वैयक्तिक सीझन कोणता, या वादात जो तो आपला मोठा आकडा आपटून मोकळा होतो. फुटबॉलमध्ये मेस्सीचे ७३ गोल, बास्केटबॉलमध्ये चेंबरलेनची सामन्यामागे ५०.४ गुणांची सरासरी, आइस हॉकीमध्ये ग्रेट्झकीचे २१५ पॉइंट (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास, मिळून). गोल आणि पॉइंट एका तागडीत तोलता येत नाहीत. पण त्याच सीझनमध्ये, त्याच नियमांत दुसरा माणूस किती मागे राहिला, हे सगळ्याच खेळांत मोजता येतं. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. जिथे कमी आकडा चांगला, तिथे उलटं.

बेसबॉलमधले दोन पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, घ्या. १९६८मध्ये बॉब गिब्सनने दर नऊ इनिंगमागे फक्त १.१२ धावा दिल्या (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा यात धरत नाहीत). २०००मध्ये पेद्रो मार्टिनेझच्या खात्यावर पडल्या १.७४. वरवर गिब्सन पुढे. पण १९६८ हे पिचर मंडळींचं वर्ष होतं. इतकं, की पुढच्या मोसमापासून पिचर उभा राहतो तो उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला. गिब्सनच्या लीगमध्ये दुसरा होता १.९९वर, पेद्रोच्या लीगमध्ये ३.७०वर. भागाकार करा: गिब्सन १.७८, पेद्रो २.१३. आकडा गिब्सनचा, सीझन पेद्रोचा.

अर्थात हा भागाकार डोळे झाकून वापरला की फसवतो. १९२०मध्ये बेब रूथने ५४ होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले, अमेरिकन लीगमधल्या दुसऱ्याचे होते १९. गुणोत्तर २.८४, म्हणजे वाद मिटला? नाही. चेंडूला थुंकी लावायला त्याच वर्षी बंदी आली होती आणि उंच, लांब फटका मारायची रूथची पद्धत बाकीच्यांनी अजून उचललेली नव्हती. दोनच वर्षांत, १९२२मध्ये, रॉजर्स हॉर्न्सबीने ४२ मारले. १९२०चं अंतर रूथ किती सरस होता यापेक्षा किती आधी होता हे जास्त दाखवतं. शिवाय त्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेशच नव्हता, हे विसरून चालणार नाही.

कधी उलटंही होतं. २०११-१२च्या ला लीगामध्ये मेस्सीचे ५० गोल आणि रोनाल्डोचे ४६. गुणोत्तर जेमतेम १.०९, आणि वर लीग रोनाल्डोच्या रेआल माद्रिदने जिंकली. दुसराच असा भन्नाट असेल तर तिसऱ्याकडे बघा: फाल्काओ, २४ गोल. आता आकडा २च्या पुढे गेला आणि दोघांचाही सीझन काय तोडीचा होता ते कळलं. जाता जाता, मेस्सीचे गाजलेले ९१ गोल २०१२ या कॅलेंडर वर्षातले, ७३ गोल २०११-१२ सीझनमधले, सगळ्या स्पर्धा धरून. एकाच वाक्यात दोन्ही घुसडणाऱ्याचा मुद्दा तिथेच बाद धरावा.

संधी किती मिळाली हेही तपासायचं. विल्ट चेंबरलेन १९६१-६२मध्ये सामन्यामागे ४८.५ मिनिटं खेळला, सामना असतो ४८ मिनिटांचा. जादा वेळेमुळे सरासरी त्यापुढे गेली. दर सामन्यात बास्केटवर ३९ हून जास्त शॉट. ५०.४ला ४८.५ने भागून ३६ मिनिटांवर आणलं की उरतात ३७ च्या आसपास गुण. तेही अफाटच, पण ‘पन्नास’चा दरारा उतरतो. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा मान बिल रसेलला मिळाला, तोही खेळाडूंच्याच मतांनी.

क्रिकेटची अडचण वेगळी: डाव फार थोडे. १९३०च्या अ‍ॅशेसमध्ये ब्रॅडमनने सात डावांत ९७४ धावा केल्या, दुसरा सटक्लिफ ४३६वर. गुणोत्तर २.२३. इथे सोपी चाचणी म्हणजे सर्वांत मोठी खेळी काढून टाकायची. हेडिंग्लेचे ३३४ वजा केले तर सहा डावांत ६४०, सरासरी १०६.६७. म्हणजे एका खेळीवर उभी राहिलेली मालिका नाही. तरीही सात डाव ते सात डावच. ऐंशी सामन्यांच्या मोसमाशेजारी ती ठेवताना हात जरा अडखळायला हवा.

फॉर्म्युला वनमध्ये प्रतिस्पर्ध्यांशी तुलना जवळपास निरुपयोगी, कारण निम्मं काम गाडीच करते. तिथे त्याच गाडीतला सहकारी बघायचा. २०२३मध्ये वेर्स्टाप्पेनने २२ पैकी १९ शर्यती जिंकल्या, पेरेझने दोन. गुण ५७५ विरुद्ध २८५. मात्र जुन्या काळाशी तुलना करताना गुण मोजू नका. पूर्वी विजयाला ९ गुण मिळत, आता २५.

माझं मत ग्रेट्झकीला, पण २१५ पॉइंटच्या १९८५-८६ला नाही. तो विक्रम आहे, आणि त्या वर्षीचे त्याचे नुसते १६३ असिस्टही दुसऱ्या नंबरच्या लेम्यूच्या एकूण १४१ पॉइंटपेक्षा जास्त होते. गुणोत्तर १.५२. पण आदल्या वर्षीचं, १९८४-८५चं, पान उघडा. ग्रेट्झकी २०८: ७३ गोल, १३५ असिस्ट. दुसरा यारी कुरी, १३५ पॉइंट, म्हणजे ग्रेट्झकीच्या नुसत्या असिस्टइतके. त्यातही कुरी त्याच्याच संघात, त्याच्याच आघाडीच्या फळीत खेळणारा, त्याच्याच पासवर गोल करणारा. संघाबाहेरचा पहिला डेल हॉवरचुक, १३०वर. गुणोत्तर १.६, आणि तेही ऐंशी सामन्यांत.

त्या काळी गोल स्वस्त होते हा आक्षेप खरा आहे, पण ते हॉवरचुकलाही स्वस्तच होते. संघच जबरदस्त होता हा दुसरा आक्षेप जास्त वजनदार. त्यावर उत्तर १९८८-८९चं: संघ सोडून लॉस एंजेलिसला गेल्यावर पहिल्याच वर्षी १६८ पॉइंट. आणि चषकही हवा म्हणत असाल, तर १९८५च्या प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) १८ सामन्यांत ४७ पॉइंट आणि स्टॅनली कप. २१५ वाल्या वर्षी मात्र त्याचा तेव्हाचा संघ एडमंटन प्लेऑफमध्ये कॅलगरीकडून मालिकेच्या सातव्या सामन्यात हरला. निर्णायक गोल एडमंटनच्याच बचावपटूने मारलेल्या पासचा: पक (हॉकीची चकती) आपल्याच गोलकीपरच्या पायाला लागून जाळ्यात गेला.